तिसऱ्या गाण्यातली खरखर

गयामावशींना गाण्यातलं काही कळत नव्हतं, आणि हे त्या ओळख होण्याआधीच सांगून टाकत. परभणीत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाई म्हणून मला तरी त्या एकट्याच माहीत. शिंप्यांच्या गल्लीच्या टोकाला, दोन दुकानांमधल्या बोळावर पत्रे टाकून त्यांनी दुकान केलं होतं. समोरचा चहावाला दिवसभर स्पीकरवर गाणी लावून बसायचा. मावशी मशीनला हात लावण्याआधी उठायच्या, रस्ता ओलांडायच्या, त्याचा स्पीकर स्वतःच्या हाताने बंद करायच्या आणि परत येऊन बसायच्या. मावशींचं काम झालेलं दिसलं की चहावाला तो पुन्हा चालू करायचा. गाण्याचा एवढा काय राग, असं मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाल्या, "राग कामून असंल? मला गाण्यातलं कळत न्हाई, खरखर कळती. गाणं चालू असलं की खरखर त्याच्यात लपून बसती."

मशीन टेबलावर आली की त्या डावा तळहात तिच्या अंगावर ठेवत, उजव्या हाताने चाक एकदाच फिरवत आणि डोळे मिटून घेत. समोर गिऱ्हाईक नमस्कार करतंय, नातं सांगतंय, सोनपेठहून पहिल्या एसटीने आलोय म्हणतंय, त्याचा काही उपयोग नसे. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना डुलकी लागली. मग डोळे उघडून त्या दोनच शब्द बोलत, "खालून हाय." किंवा "सुई न्हाई, दात." दात म्हणजे सुईखाली कापड पुढे सरकवणारे. आणि बिघाड तिथेच निघायचा. काम झाल्यावर मशीन मात्र त्याच दिवशी मिळत नसे. तेल घालून त्या तिला फडक्याखाली झाकून ठेवत. लग्नसराईत शिंपी अक्षरशः हातापाया पडायचे, ब्लाऊज अडकलेत, नवरीकडची माणसं दारात बसलीत म्हणायचे. मावशींचं उत्तर ठरलेलं असे, "तेल उतरू दे. एक दिस जाऊ दे."

हे काम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पोखर्णीजवळच्या एका खेड्यात त्यांचं माहेर. आई गावातल्या बायकांची शिवणं करायची. एकदा तिची मशीन बंद पडली आणि परभणीचा मिस्त्री आज येतो, उद्या येतो म्हणत आलाच नाही. चौदा वर्षांच्या गयेने ती मशीन उघडली. निघालेले स्क्रू हरवू नयेत म्हणून तिने ज्वारीच्या पिठाची एक लांबट वळी केली आणि ज्या क्रमाने स्क्रू निघाले त्या क्रमाने त्यात टोचून ठेवले. आईने भाकरीचं पीठ नासलं म्हणून आधी पाठीत धपाटा घातला आणि मशीन चालू झाल्यावर मग जवळ घेतलं. ती पिठाची वळी मावशींनी शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांच्या टेबलावर पत्र्याचा डबा, तेलाची बुधली आणि रोज सकाळी घरून मळून आणलेली ती वळी असायचीच.

आता माझं सांगते. मी शाळेत शिक्षिका आहे आणि गिटार वाजवते. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की लोक अजूनही पहिली खरी धरतात आणि दुसरी हसण्यावारी नेतात. माझे चुलते किशनकाका यांची गायन पार्टी आहे. एप्रिलमध्ये, जयंतीच्या महिन्यात आम्ही जिल्हाभर हिंडतो. काका गातात, एक ढोलकीवाला, एक तबलेवाला, कोरसला दोघी बहिणी आणि गिटारवर मी. मोडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून घेतलेली माझी इलेक्ट्रिक गिटार लग्नानंतर माझ्याबरोबर सासरी आली. सासूबाईंनी, शेवंताबाई त्यांचं नाव, पहिल्या दिवशी तिच्याकडे पाहून विचारलं होतं, "हे रोज वाजवावं लागतंय का?" पुढे त्या काही बोलल्या नाहीत. पण मी वाजवायला बसले की त्या आतल्या खोलीत जाऊन आपली मशीन चालवायच्या, आणि मला वाटायचं, हा त्यांचा निषेध आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये गिटार खरखरू लागली. मानेच्या वरच्या टोकाला, म्हणजे खुंट्यांच्या जवळ, कुठलाही सूर धरला की तार खालच्या धातूच्या पट्टीला घासायची आणि खर्र असा आवाज यायचा. घरात तो थोडका वाटे, पण स्टेजवर स्पीकरमधून आला की माश्या घोंघावल्यासारखं होई. मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरा माणूस सांगत होता, की गिटारच्या मानेत एक लोखंडी सळई असते. तारा मानेला एका बाजूने ओढतात, सळई दुसऱ्या बाजूने ओढते, आणि या ओढाताणीत मान सरळ राहते. सळई आवळता येते, ढिली करता येते. यापुढचं मी नीट ऐकलंच नाही. आमच्या घरी काहीही खडखडलं की आवळतात. पंखा असो, सायकल असो, कुकरचं हँडल असो. मी नवऱ्याच्या मोटारसायकलच्या किटमधली एलन की, म्हणजे सहा कोनी टोकाची चावी घेतली आणि चांगला एक अख्खा वळसा आवळला.

त्यानंतर पहिल्या तीन पट्ट्यांवर सूर निघेचना. तार धरली की नुसती ठक्क वाजायची. वाद्यांच्या दुकानात नेली तर दुकानदार म्हणाला, मान गेली आहे, पुण्याला पाठवावी लागेल, महिना-दीड महिना धरा. जयंतीला तीन आठवडे राहिले होते. काकांना सांगितलं तर ते रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. ते शांतपणे म्हणाले, "सुजाता, यंदा कीबोर्डवाला बघितलाय मी. चांगला वाजवतो. तू पुढच्या साली बघ." पुढच्या साली बघ याचा अर्थ आमच्या पार्टीत सगळ्यांना माहीत होता. आधीचा बासरीवालाही असाच पुढच्या साली बघणार होता, तो आता लग्नांत व्हिडिओ शूटिंग करतो. मी काकांकडून तालमीपर्यंतची मुदत मागून घेतली. पहिल्या कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी रंगीत तालीम होती. तिथे गिटार बिनखरखरीची वाजली तर मी, नाहीतर कीबोर्ड, असं ठरलं.

त्याच संध्याकाळी गयामावशींच्या दुकानातून सासूबाईंची मशीन आणायची होती. मी तशीच, पाठीवर गिटार घेऊन गेले. मावशी एका मशीनवर हात ठेवून डोळे मिटून बसल्या होत्या. मी थांबले. डोळे उघडून त्यांनी आधी माझ्या खांद्यामागे पाहिलं आणि विचारलं, ते काय आहे पाठीवर. मी सांगितलं. रडवेली झाले होते, त्यामुळे दुकानदाराचं, काकांचं, सगळंच सांगून टाकलं. त्यांनी हात पुढे केला. गिटार घेऊन त्यांनी बंदूक धरावी तशी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि मानेच्या कडेवरून टोकापर्यंत पाहिलं. मग मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, हिची मान मागं गेलीय. पोटात खड्डा पाहिजे तिथं फुगारा आलाय. कुणी आवळलं हिला?"

मी आवळलं, म्हटलं. त्या हसल्या नाहीत. चहावाल्याचा स्पीकर बंद करून आल्या आणि मला पट्ट्यांना काय म्हणतात ते विचारलं. फ्रेट म्हणतात, असं मी सांगितलं. ते त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटपर्यंत त्यांना पायऱ्याच म्हटलं. मग माझ्याकडून एक तार पहिल्या पायरीवर दाबून घेतली, मान धडाला मिळते तिथे स्वतः दाबली, आणि मधल्या सातव्या पायरीवर तारेखाली पाहिलं. तिथे केसाइतकीही फट नव्हती. "इथं हवा पाहिजे," त्या म्हणाल्या. "तार हालती तर तिला हालायला जागा नको का? तू तिला पायरीवर निजवलीस आन वरून गा म्हणायलीस." मी कोणत्या तारा लावल्यात तेही त्यांनी विचारलं. बोटं दुखतात म्हणून मी महिन्यापूर्वी बारीक तारा लावल्या होत्या. मावशींनी मान हलवली. बारीक तार कमी ओढते, सळई तेवढीच ओढते, म्हणजे मान मागे जाणारच. मशीनच्या दोऱ्याचंही तसंच असतं, असं त्यांनी सांगितलं. जाड दोऱ्याचं टेन्शन बारीक दोऱ्याला ठेवलं की टाका बिघडतो, आणि शिंपी काय करतो, तर अजून आवळतो. त्यानंतर त्या जे बोलल्या ते मी वर्गात पोरांनाही सांगते, "आवळायला कुणालाबी येतंय. किती ढिलं सोडायचं त्याला अक्कल लागती."

त्यांनी एलन की लावली आणि सळई पाव वळसा सोडली. पावच. मला वाटलं, मी पूर्ण वळसा आवळला होता, तर पूर्ण सोडा ना. तसं म्हटलंही. त्यांनी गिटार फडक्याखाली झाकली आणि मला गिटार न देता सासूबाईंची मशीन उचलून घरी जायला सांगितलं. "लाकूड हाय ते. सांगितलेलं लगेच ऐकत न्हाई. एक दिस जाऊ दे." मी दुसऱ्या दिवशी गेले. पुन्हा पाव. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी एक डोळा मिटून पाहायच्या आणि मला तार दाबायला लावायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी डब्यातून एक जुनी लग्नपत्रिका काढली, तिची बोटभर पट्टी कापली आणि सातव्या पायरीवर तारेखालून सरकवली. पट्टी तारेला न हलवता निघून गेली. मी सूर धरला. खरखर नव्हती. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, पाया पडू नको, आधी घरी नेऊन बघ.

त्यांचं बरोबर होतं. घरी आणल्यावर दोनच दिवसांत खरखर परत आली. तालमीला चार दिवस उरले होते. मी खरं सांगते, त्या दिवशी मला सासूबाईंचा संशय आला. मी शाळेत गेल्यावर ही बाई गिटार हलवते, आपटते, काहीतरी करते. तोंडाने बोलले नाही, पण ताट वाढताना माझा हात आपटतच होता. संध्याकाळी गिटार घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी गिटारला हातच लावला नाही. एकदा नीट करून दिलेली मशीन परत आली तर मशीन बघायची नाही, ती जिथं राहते ती जागा बघायची, असा त्यांचा नियम होता. एका शिंप्याची मशीन सारखी आवाज करायची, तर त्याच्या फरशीचाच एक कोपरा खचलेला निघाला होता, ही गोष्ट त्यांनी माझ्याबरोबर आमच्या घरी येताना रिक्षात सांगितली. मोबाइलमध्ये काय सांगतात तेही विचारलं. मी तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो आवाज बंद करून पाहिला आणि विचारलं, "ह्यो माणूस कोणत्या गावचा? ह्याच्या घरी कूलर हाय का?" मी म्हटलं, असं कसं सांगणार.

परभणीचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. दुपारी एकपासून पत्र्याच्या त्या पेटीत पाणी ओतायचं, आणि वाळ्यातून येणाऱ्या ओल्या वाऱ्यासमोर घरातली माणसं मानाप्रमाणे बसतात. आधी पाहुणा, मग म्हातारं माणूस, मग परीक्षेला बसलेलं लेकरू. आमच्या घरात कूलरच्या बरोबर समोर, भिंतीवर खिळा ठोकून, माझी गिटार टांगलेली असायची. मी ती रोज पाहत होते. खिळा मार्चच्या सुरुवातीला ठोकलेला. मला वाटलं होतं, नवऱ्याने ठोकला. मावशी दारातच उभ्या राहिल्या, त्यांनी कूलरकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि गिटारच्या रिकाम्या खिळ्याखाली भिंतीला हात लावला. भिंत गार आणि दमट होती.

सासूबाई पाणी घेऊन आल्या. मावशींनी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, की गिटार मीच तिथं लावली. आतल्या खोलीत पत्रा तापतो, दुपारी हात लावला तरी पोळते. पोरीच्या जीवाचं वाद्य आहे, उन्हाने तडकून जाईल, म्हणून रोज दुपारी सून शाळेत गेली की गिटारसाठी कूलर लावते. स्वतः मात्र आत मशीनवर बसते, सून घरी वाजवत असली तरीही, कारण दोघींना एका खोलीत वारा पुरत नाही. हे त्या अगदी साधेपणाने सांगत होत्या. मला जमीन दुभंगावी असं झालं. एवढे दिवस जिला मी निषेध समजत होते ती आतल्या खोलीत जाण्याची पद्धत, वारा गिटारसाठी सोडून जाण्याची होती.

आता मावशी काय बोलतात याची मला धास्ती वाटली. कारण दुखणं याच माणसाच्या हातून झालं होतं, आणि मावशी बिघाड झाकून ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "शेवंताबाई, जीव लावलात ते बरं केलंत. लाकडाला मातर रोजचं सारखं लागतंय. दुपारी वला वारा, रातच्याला कोरडा. ते बिचारं फुगायलंय आन वाळायलंय. तुमच्या मशीनजवळ ठेवा तिला. तापू द्या, पर रोज तेवढीच तापू द्या." सासूबाईंनी लगेच विचारलं, म्हणजे माझ्यामुळं बिघडली का? मावशी म्हणाल्या, "सून आवळायली, तुमी भिजवायलाय. दोघींचा बी जीव तिच्यावरच. त्याच्यात ती वाकडी झाली." यावर सासूबाई आधी हसल्या. मग मी हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले.

गिटार आतल्या खोलीत, मशीनच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीपासून दूर, चादरीत गुंडाळून ठेवली. मावशींनी तीन दिवस कुणीही हात लावायचा नाही म्हणून बजावलं. तालमीला चारच दिवस होते, त्यातले तीन त्या वाट बघण्यात घालवायला सांगत होत्या. माझा जीव टांगणीला लागला. दर तासाला चादर उघडून बघावंसं वाटायचं. सासूबाईंनी चादरीच्या गाठीवर आपली शिवणाची टोपली ठेवून दिली आणि दिवसभर तिच्याजवळ बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी मावशी स्वतःच आल्या, पिठाची वळी फडक्यात बांधून. लाकूड वाळलं होतं आणि आता मान उलट पुढे झुकली होती, पत्रिकेची पट्टी तारेखाली नुसती लोंबत होती. "आता आवळ," त्या म्हणाल्या आणि एलन की माझ्याच हातात दिली. "तिळाएवढं." मी तिळाएवढं आवळलं. पुरे म्हणाल्या. आवळणं कधी नडतं आणि कधी लागतं, हे मला त्या दिवशी हाताने कळलं.

तरी एका ठिकाणी खरखर उरलीच होती. सहाव्या पायरीवर तार धरली की तेवढीच खर्र. मावशींनी तारा ढिल्या करून बाजूला सारल्या, सासूबाईंच्या मशीनची सुईखालची सरळ धारेची छोटी सरकपट्टी काढली आणि एका वेळी तीन-तीन पायऱ्यांवर आडवी ठेवत गेल्या. सगळीकडे ती निवांत बसली, सातवीवर आली की डुगडुगायची. सातवी पायरी एका टोकाला उचलली गेली होती. दमट लाकडाने तिला वर ढकललं असणार. त्यावर सागाचा एक तुकडा ठेवून त्यांनी हलक्या हाताने दोनदा ठोकलं, उरलंसुरलं बारीक दगडाने घासलं आणि पुन्हा सरकपट्टी ठेवली. ती हलली नाही. तारा चढवल्यावर मी वाजवू लागले, तर मावशींनी सासूबाईंना हाताने गप्प राहायची खूण केली आणि डोळे मिटले. मी एक अख्खं गाणं वाजवलं. डोळे उघडून म्हणाल्या, "गाणं कसं होतं ते मला ठाव न्हाई. खरखर न्हाई."

तालमीत काका माझ्यासमोरच खुर्ची घेऊन बसले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. त्यांनी कीबोर्डवाल्याला चहा पाजला आणि गरज पडली तर बोलावतो म्हणून पाठवून दिलं. त्या वर्षी परभणीत विहारासमोरच्या मैदानावर पहिला कार्यक्रम झाला. मी मावशींना बोलावलं होतं, पण त्या येतील असं वाटलं नव्हतं. गाण्याचं वावडं असलेल्या, विहाराकडे कधी पाऊल न टाकलेल्या. पण आल्या. सासूबाईंनी त्यांना पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. सगळं मैदान टाळ्यांचा ठेका धरत होतं आणि त्यात एकटी बाई डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ताठ बसलेली. स्टेजवरून मला तेवढीच दिसत होती. कार्यक्रम संपल्यावर लोक काकांभोवती, माझ्याभोवती जमले. मावशी गर्दीतून वाट काढत आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "तिसऱ्या गाण्यात एकदा झाली. एकदाच. गरम झाली आसंल. उद्या हात लावू नको."

त्यानंतर दर जयंतीला त्या येत. दर वर्षी डोळे मिटून बसत आणि दर वर्षी काही ना काही सांगत. कधी दुसऱ्या गाण्यात, कधी शेवटच्या. एका वर्षी म्हणाल्या, की यंदा काहीच नव्हतं. त्या वर्षी मला पुरस्कार मिळाल्यासारखं वाटलं. मी त्यांना माझ्या मनातलं कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहिते. माझी गिटार त्यांनी वाचवली हे खरंच आहे. पण माझ्या घरात मी मनानेच एक खरखर धरून बसले होते, आणि ती कुठून येते हे पाहायला त्या घरी आल्या नसत्या तर मी अजून आवळतच राहिले असते. माझी सासू मला त्यांनी दाखवली. एवढं मोठं देणं देऊन त्या दारातून काही न घडल्यासारख्या निघून गेल्या होत्या.

शेवटची दोन वर्षं गुडघ्यांनी त्यांचं चालणं थांबवलं, हात मात्र चालू होते. दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत त्या गेल्या. पोखर्णीच्या बाजूला, त्यांच्या माहेरच्या गावीच सगळं झालं. त्यांच्या पुतण्याने दुकान उघडलं तेव्हा मी आणि सासूबाई गेलो होतो. टेबलावर पिठाची वाळून दगड झालेली वळी होती, तिच्यात स्क्रूंच्या जागची भोकं होती, आणि फडक्याखाली एका शिंपिणीची मशीन झाकून ठेवलेली होती. पुतण्याला काही माहिती नव्हती. काय बिघडलं होतं, दुरुस्त झाली की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. ती न्यायला आलेल्या शिंपिणीने चाक फिरवून पाहिलं. मशीन निर्वेध चालली. तेल उतरलेलं होतं. समोरच्या चहावाल्याचा स्पीकर बंद होता. तो म्हणाला, लावावासा वाटत नाही.

या वर्षीची जयंती त्यांच्याशिवायची पहिली. पहिल्या रांगेत सासूबाई एकट्याच होत्या, बाजूच्या खुर्चीवर त्यांची पिशवी. तिसरं गाणं चालू असताना सातव्या पायरीवर माझी तार एकदा खरखरली. अगदी क्षणभर. मी ढोलकीवाल्याकडे पाहिलं, तो आपल्या तालात. काका गात होते, मैदान टाळ्या वाजवत होतं. कुणालाही कळलं नव्हतं. मला तेव्हा त्यांची आठवण एवढ्या जोरात आली, की पुढची दोन कडवी मी कशी वाजवली ते सांगता येणार नाही. आता सांगणारं कुणी उरलं नाही, हेच डोक्यात घोळत होतं.

घरी आल्यावर मी गिटार टेबलावर ठेवली आणि तिच्या पेटीतून एलन की आणि लग्नपत्रिकेची ती पट्टी काढली. पट्टीवरची सोनेरी अक्षरं केव्हाच पुसून गेली आहेत. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिसऱ्या गाण्यात झालं ना गं काहीतरी?"

इतकी वर्षं मावशींच्या शेजारी बसून त्या काय ऐकत होत्या, हे मला आत्ता कळत होतं. मी हो म्हटलं, आणि एलन की मानेला लावली.

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या हातातून चावी काढून घेतली, चादर उलगडली आणि गिटार झाकली. "आज ठेव," त्या म्हणाल्या. "गरम झालीय ती. एक दिस जाऊ दे."